घडी

अनसूरकर गल्लीच्या मागं, पत्र्याच्या शेडात
गोदाक्का हलगेकर मांडे करायची.
पालथं मडकं, खाली जाळ,
आणि हवेत फिरणारी कणीक
मनगटावरून कोपरापर्यंत उतरत यायची,
पलीकडची चूल दिसेल इतकी पातळ होऊन.
मग खापरावर एक झेप.
पिठीसाखर, खसखस, वेलदोडा.
मग घडी.

"घडी कापडाची असते तशी वेळेचीपण असते,"
हाताखालच्या पोरींना ती सांगायची.
"गरम आहे तवर मऊ.
नंतर देवानं वाकवला तरी मोडतोय."
लग्नसराईत दिवसाला दीडशे.
मला एकही जमला नाही,
म्हणून ही शिकत गेली, असं घरात म्हणतात.

आता मी बंगळूरला दुसऱ्या घड्या बघते.
गेलेल्या माणसांच्या मेंदूतले धागे,
जे त्यांनी जाता जाता आम्हाला देऊ केले.
बर्फाचा कण धरायलाही उसंत न देता ते गोठवायचे,
इलेक्ट्रॉनच्या झोतात त्यांच्या लाखो सावल्या घ्यायच्या
आणि सावल्यांवरून वस्तू उभी करायची.

टाऊ नावाचं प्रथिन. तसं मोकळंच असतं ते,
वडगावच्या मागावर चढायच्या आधीचं सूत.
मग कधीतरी (कधी, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही)
एक रेणू कोयत्यासारखा वळतो.
दुसरा त्याच्या अंगावर तसाच पडतो.
दुसऱ्यावर तिसरा.
थराला थर लागून,
मधे अर्ध्या नॅनोमीटरचीही फट नाही.
पेशी मोडते. घडी मोडत नाही.
ती सोडवणारं औषध निघेल, असे मनातले मांडे
आम्ही अनुदानाच्या अर्जात दरवर्षी खातो.

मार्गशीर्षात घरी गेले. निंगव्वा जाळ घालत होती.
गोदाक्कानं माझ्याकडं बघून विचारलं, "यारु?"
कन्नड ती बाजारात बोलायची, निंगव्वाशी बोलायची,
माझ्याशी कधीच नाही.
निंगव्वानं कन्नडमध्येच माझं नाव सांगितलं
आणि ती मराठीत हसली.
"काय बघूलीस त्या फोनात?"

दाखवलं. राखाडी नकाशावर
निळ्या-केशरी दोऱ्याचा कोयता.
तिनं चष्मा वर केला. खाली केला.
"कुणी घातली ही घडी?
चुकलीय.
पण सुटायची नाही."

माझ्या वरिष्ठांना हे वाक्य लिहायला
अकरा पानं लागली होती.

आणखीही एक प्रथिन आहे, नावाच्या शेपटाला आकडा असलेलं.
त्याचे धागे म्हाताऱ्या मेंदूंत सापडतात,
ज्यांना शेवटपर्यंत नातवंडांचे वाढदिवस पाठ होते
त्यांच्याही. ते तिथं काय करतं, माहीत नाही.
नुसतं वय असेल. मी अजून चाळिशीत,
आणि रात्री कधी कधी कानामागं बोट लावून बसते,
जसं काही ऐकू येणार आहे.

मग तिनं कणीक घेतली.
निंगव्वा बोलायची थांबली.
मनगट फिरलं, कोपर फिरलं, झेप बरोबर पडली,
साखरेचा हातही बरोबर.
आणि ती थांबली.
हात मडक्यावर, वीतभर उंच,
कुणीतरी पुढचं नाव सांगेल म्हणून थांबल्यासारखे.
मी मोजत होते. तीन. चार.
मांड्याच्या कडा तपकिरी झाल्या,
वर आल्या, कडक झाल्या.
जे मोकळं राहायचं ते आत कुठंतरी दुमडलेलं
आणि हा इथं उघडाच.

निंगव्वानं तो अख्खा उचलला, घुमटासारखा,
परातीत ठेवला.
आम्ही तिघींनी तुकडे मोडून खाल्ले.
साखर पदरावर सांडली.

"चांगलाय," गोदाक्का म्हणाली. "कुणी केला?"
"तूच की."
तिनं परातीत वाकून बघितलं, तुकडे बोटानं सारले.
"मग घडी कुठाय?"