भुलीची नोंदवही

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात माझ्या दारावर पाटी आहे: भूलतज्ज्ञ.
कुणाच्या तरी नातवाने ती मोठ्याने वाचली
आणि विचारलं, तुम्ही चुका करता?
मी म्हटलं, मोजून. मिलिग्रामात.

लवू गिरप. वय एकाहत्तर, वजन बावन्न.
जेटीवर शेवाळावरून पाय गेला,
डाव्या खुब्याचं हाड मोडलं.
छातीत पन्नास वर्षांच्या विड्या,
स्टेथोस्कोपखाली जुन्या वल्ह्याची करकर.
पूर्ण भूल या फुप्फुसांना झेपायची नाही
हे सांगायला मी कागद घेऊन गेले
तर त्यांनीच आधी माझं मनगट धरलं:
"माका निजवू नको गो बाय.
तांडेल होडयेर निजणा नाय."

मग हळूच दुसरं कारण निघालं.
तीस वर्षांपूर्वी, हाताचं गळू, कुठलासा कॅम्प,
कुणीतरी केटामाइन दिलं होतं, घाईत, न सांगता.
"माजो भाव इलो. दारात उभो. भिजलेलो.
बुडान तेरा वर्सां झालेली त्येका.
माका म्हणता, जाळां खय ठेवलंस?"
पुस्तकात याला नाव आहे, टक्केवारीसुद्धा आहे.
मी ती सांगितली नाही.
मग तुम्ही काय उत्तर दिलंत?
"सांगूक होया हुतां. जीबच हलना."

आधी मांडीत, शिरेच्या शेजारी, बधिरतेचं औषध.
वीस मिनिटं थांबले. सर्जन घड्याळ बघत होते, बघू देत.
मोडका खुबा घेऊन माणसाला बसवायचं
तर त्याला बसणं सोसलं पाहिजे.
मग: पाठ वाकवा, सुक्या सुंगटासारखी.
ते हसले, आणि हसताना नेमकी वाकली.
मणक्यांच्या फटीतून पाण्याचा थेंब आला, स्वच्छ.
तिथे दोन मिलिलिटर बुपिवाकेन सोडलं,
साखर घातलेलं, म्हणून जड,
जाळ्याच्या शिशासारखं खाली बसणारं.
स्पिरिटचा बोळा फिरवला. गार लागतं?
"हय लागता. हय लागता. हय...
ह्यो कोणाचो पाय?"

ट्रेमध्ये आणखी एक सिरिंज भरून ठेवली होती,
मिडाझोलम. थोडंसं दिलं की
हातोडीचा आवाज ऐकू येतो आणि राहत नाही.
बहुतेकांना मी देते. बहुतेकांना हवं असतं.
उचलली, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं,
पुन्हा ठेवली.

हातोडी सुरू झाली तेव्हा विचारलं,
रात्रीची होडी खाडीत कशी आणता?
हिरव्या पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघंच.
खडकावरचा दिवा उजवीकडे,
तो डोंगराच्या कानाशी येईपर्यंत सरळ,
मग पाण्याचा आवाज बदलतो.
"आवाजान वळाचा. डोळे फसवतत."
तिकडे खुब्यात ठोकाठोक,
इकडे ते मला उथळ जागा दाखवत होते.
मध्येच वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत काळोख,
बॅटरीवर तेवढी मॉनिटरची टिकटिक.
"आता वळ," म्हणाले.

नंतर हुडहुडी भरली. बऱ्याच जणांना भरते.
कोमट सलाइन, दोन ब्लँकेटं,
तिसरं सिस्टर कुबलांनी स्वतःच्या खोलीतून आणलं.

रात्री नऊला वॉर्डात गेले.
दहापैकी दुखणं किती, काका?
"धा कशाक? भरती की सुकती ह्यां इचार."
मग, भरती?
"येतली. अजून येळ असा."
तेव्हाच पॅरासिटामॉल लावलं, पाणी चढायच्या आधी,
आणि पहाटेचा डोस लिहून ठेवला.

न वापरलेली सिरिंज टाकताना नोंद करावी लागते.
मिडाझोलम, दोन मिलिग्राम. दिलं नाही.
'कारण' या रकान्यात लिहिलं: पेशंट तांडेल आहे.
फार्मासिस्टने लाल पेनाने गोल करून
वही परत पाठवली आहे.
अजून टेबलावर आहे.