जास्तीचा तास

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, रात्री दोनला
घड्याळं एक तास मागे घ्यायची.
इथे मिनेसोटात नियमच आहे, कुणी हुज्जत घालत नाही.
दिवसपाळीवाल्या तासभर जास्त झोपतात,
आम्ही तेवढंच जास्त जागतो.

अडतीस म्हातारी माणसं, दोन मदतनीस मुली
आणि रजिस्टर्ड नर्स म्हणून एकटी मी.
औषधांच्या गाडीचं डावं चाक कुरकुरतं,
म्हणून ती जरा उचलूनच ढकलते.
गोळ्या कुटायच्या, सफरचंदाच्या लगद्यात कालवायच्या.
एक मात्र कुटून चालत नाही, रक्तदाबाची.
लेम्पी हाउताला लगदा मिटक्या मारत खाते,
ती गोळी जिभेखाली दडवते,
आणि माझी पाठ वळली की कुंडीत पुरते.
तिच्या जिरेनियमचा रक्तदाब उत्तम आहे.

बारा नंबरात रेइनो.
चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत.
परवापरवापर्यंत पहाटे तीनला उठून बसायचा,
बूट कुठायत, डबा कुठाय.
मी सांगायचे, आज संप आहे, रेइनो.
मग गडी खूश होऊन आडवा व्हायचा,
झोपेतसुद्धा मालकाला दोन शिव्या हासडून.
गेले तीन दिवस
त्याने डबा मागितला नव्हता.

होदान दारात आली. एकोणीस वर्षांची,
आई मोगादिशूची, ही इथल्याच बर्फातली.
म्हणाली, मला वाटतं की तो...
पोरी, वाटतं ते चालत नाही.
‘पडला’ असं लिहायचं नाही आपण,
‘जमिनीवर आढळला’ असं लिहायचं.
दिसलं तेवढंच.

स्टेथोस्कोप छातीवर, पूर्ण एक मिनिट.
हीटरच्या नळीत पाणी खळखळलं.
होदानने नाक ओढलं.
माझ्याच कानात माझी नाडी चालली होती,
ती वजा केली.
बाकी काही नाही.
एक वाजून चाळीस मिनिटं.

डुलूथला मुलीला फोन केला.
तिने एवढंच विचारलं, किती वाजता?
सांगितलं.
ती म्हणाली, बरं. मग बराच वेळ
दोघींनीही फोन ठेवला नाही.

आम्ही त्याला पुसायला घेतलं तेव्हा दोन वाजले,
म्हणजे एक वाजला.
कोमट पाणी, दोन टॉवेल.
डाव्या हाताची दोन बोटं खाणीने ठेवून घेतलेली.
होदानने बोटं पुसली
आणि मग ती रिकामी जागाही पुसली,
कुणी न सांगता.
चादर ओढता ओढता भिंतीकडे बघून म्हणाली,
परत एक चाळीस झाले.

आम्ही दोघींनी पलंगाकडे पाहिलं.
खोटं कशाला बोलू, पाहिलं.

नोंद करायला बसले तर संगणक अडून बसला:
ही वेळ आज दोनदा येते. कितवी?
एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
मी लिहिलं, पहिली.
उरलेलं मॉर्फिन मोजून नष्ट केलं,
साक्षीला सही लागते, ती तळमजल्यावरच्या ग्रेटाने केली
आणि विचारलं, थांबू का जरा?
नको म्हटलं, चौदा नंबरची घंटा वाजत होती.

सहाला लेम्पी उठलेली, केस विंचरून तयार.
जेवणाच्या टेबलावर रेइनो तिच्या समोर बसायचा,
ती त्याच्या ताटातलं बीट उचलायची.
म्हणाली, बारा नंबरचं दार का बंद आहे?
गेला का कामावर?
माझ्या तोंडून निघून गेलं,
संप मिटला, लेम्पी.

ती थोडा वेळ लगदा चघळत राहिली.
मग डोळे बारीक करून म्हणाली,
किती वाढवून दिले?

मी तिला जीभ वर करायला सांगितली.