किती दिवसांआड

भुसावळ, मे, रात्रीचे साडेअकरा.
कूलरमध्ये शेवटची बादली ओतून
आम्ही दिवेआगरची हॉटेलं बघतोय.

एकात एसी, निळा तलाव, नाश्ता फुकट;
समुद्र मात्र रस्ता ओलांडून, सुरूच्या मागे.
दुसऱ्यात पंखा, भिंतीला ओल,
आणि पायरी संपते तिथे वाळू.

‘पोरं लहान आहेत, तलाव बरा,’ हेमराज म्हणतो.
‘कमरेएवढाच.’
मी भाव बघते. फोटो मोठा करते;
उशीच्या अभ्र्यावर डाग.
शेवभाजी तर कुठेच नाही.

गादीवरून दिव्यानी, झोपली वाटलेली,
विचारते,
‘आई, तिथे समुद्राला पाणी
किती दिवसांआड येतं?’

हेमराज हसत नाही.
मोरीतलं पिंप किती उरलंय बघायला उठतो,
झाकण लावतो,
तिथूनच म्हणतो:
पायरीवालं घे.