सुपडू मिस्त्रीची चाचणी

भुसावळच्या क्लबातली विलायती शेगडी
टेम्पोतून उतरली,
झाकणाखाली चिमणीचं रिकामं घरटं.

बर्नर कुजलेले. जाळीला हात लावला
की पापुद्रे सुटत.
"भाग मिळायचे नाहीत," सुपडू मिस्त्री म्हणाला
आणि चष्मा कानामागं सुतळीनं बांधला.

नळी लोको शेडच्या भंगारातली,
जाळी ट्रॅक्टरवाल्याकडून वेल्डिंग करून,
जेटची भोकं शिलाईच्या सुईनं
एकेक, श्वास धरून.

नवव्या दिवशी ज्योत निळी झाली,
डावा कोपरा सोडून.
तो पिवळाच राहिला, हट्टी.

साहेबांना कळवण्याआधी त्यानं
बामणोदचं एक वांगं ठेवलं.
साल तडकली, देठ फुसफुसला.
मीठ लावून बराच वेळ चघळलं.

"पऱ्हाटीचा धूर नाही यात,"
म्हणाला,
आणि बिलातले वीस रुपये
आपणच खोडले.