शेऱ्याचा रकाना

सित्रातल्या गोदामात मी स्टोअरकीपर.
अर्ध्या इंचाचे एल्बो, गॅस्केट, गेट व्हॉल्व्ह,
पेटी न फोडता आत किती ते सांगतो,
दोन-चारच्या वर चुकत नाही.
शाजीने ही कीर्ती कुठेतरी पसरवली
आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी
सुट्टीची झोप मोडून
मी तुबलीच्या खाडीवर उभा,
पायात शाजीचे गमबूट, एक नंबर मोठे.

फौजियाबाई निवृत्त मास्तरीण.
इथे शाळेतल्या बाईंना ‘अबला’ म्हणतात.
मी मनातल्या मनात हसलो.
मग अबला खांद्यावर दुर्बिणीचं तिकाटणं घेऊन
गुडघाभर चिखलात उतरली,
मी काठावर.

“पहले दस गिनो,” ती मोडक्या हिंदीत म्हणाली.
दहांना किती जागा लागते ती डोळ्यांत धरायची,
मग तीच चौकट थव्यावरून सरकवत न्यायची.
हे मला येत होतं. वीस वर्षं हेच करतोय.
फक्त एल्बो कधी उडाले नव्हते.

ओहोटी. कांदळवनाची मुळं उघडी,
पलीकडे हायवेचे दिवे अजून विझायचे होते.
रोहित: चारशे दहा.
शेकाटे: बासष्ट.
इथे थबकलो.
हे तर हर्णैच्या खाजणात असायचे,
पँट दुमडून पाण्यात उतरलेल्या
तलाठ्यासारखे, तांबड्या काटकुळ्या पायांवर.
आईने नाव सांगितलं होतं.
नाव कळलं की बघून झालं
असं वाटायचं तेव्हा.

शाजी म्हणाला, बघ, यांना ना व्हिसा, ना कफील.
म्हटलं, राहू दे रे.
हे सगळेच म्हणतात आणि वर कडक चहा पितात.
तो बघ तिकडे,
एका पायावर उभा आहे ना समुद्रबगळा,
तो ध्यान करत नाहीये.

मासेमारीची तंगूस. पायात रुतलेली.
अबलेने डोक्यावरचा रुमाल त्याच्यावर टाकला,
चोच मुठीत धरली,
“आंख संभालो,” मला म्हणाली.
पेटी फोडायचा कटर माझ्या खिशात असतोच.
वजन एक इंची व्हॉल्व्हएवढं, थोडं कमीच.
पण व्हॉल्व्ह असा हातात धडधडत नाही.
दोरा सुटला. तो उडाला,
जाताना माझ्या शर्टावर पावती देऊन.

त्याला तीन हिवाळे झाले.
गोदामात तूट आली की
शेऱ्याच्या रकान्यात कारण लागतं,
खाली जबाबदाराची सही.
इथल्या तक्त्यातही तो रकाना आहे.
शेकाटे: बासष्ट, एक्कावन्न,
आणि यंदा एकोणीस.

दोनदा मोजले. एकोणीस.
पेन धरून बसलो. कारण काय लिहू?
थंडी उशिरा आली? माझी नजर उतरली?
मग मागे वळून जे दिसत होतं तेच मोजलं
आणि लिहिलं:
सहा ते आठ या वेळात, पूर्वेच्या कडेला,
डबर ओतणारे ट्रक, अकरा.

अबलेने वाचलं. काही बोलली नाही.
माझ्या सहीखाली तिची सही केली,
अरबीत, उजवीकडून येणारी,
आणि कागद बलदियाच्या पाकिटात घातला.
उत्तर अजून नाही.

पुढच्या शुक्रवारी ओहोटी सहा चाळीसला.
शाजीला उठवायचंय.
गमबूट नवे घेतलेत,
मापाचे.