नावे घालून मिळतील

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी नोटांमधल्या चुका शोधल्या.
सरकलेली शाई, तुटका आकडा, दुमडून छापलेला कोपरा,
दिसला की बाद.
नोट माझी कधीच नव्हती. चूक तेवढी माझी.

निवृत्त झाले आणि स्वतःच्या पैशानं भिंग घेतलं.
बरोबरीच्या बायका भजनाला लागल्या,
मी पदकांच्या नादी.
जगाची प्रदर्शनं कधीच भरली आणि उठली,
मंडप मोडले, दिवे विकले गेले,
बशीएवढं, बटणाएवढं काहीतरी मागे राहिलं
ते टपालानं जेलरोडला येतं.

पॅरिस, अठराशे एकोणनव्वद: लोखंडी मनोरा,
इतका बारीक की नखानं खरवडून बघावासा वाटतो.
शिकागो: यंत्रात घालून लांबवलेला सेंट,
नवशिकीनं लाटलेल्या पोळीसारखा.
वेम्बलीच्या सिंहाला कुणी भोक पाडून गळ्यात घातलंय,
भोक नेमकं कानात.
छापखान्यात हा बाद झाला असता.
इथे मी त्याचे दोनशे जास्त मोजले.

भाचा विचारतो, आत्या, यातल्या एका तरी गावी गेलीस?
मी म्हणते, गर्दी फार असते रे.

एक मात्र टपालानं आलं नाही.
मे महिन्यात वरून पाणी बंद होतं
तेव्हा रामकुंडाच्या खालच्या अंगाला
झुंबर चाळणी घेऊन उतरतो,
दोरीला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक.
रुपये चिकटतात. हे चिकटलं नाही,
चाळणीत राहिलं, काळं, गाळानं भरलेलं.
ताई, हा कुठल्या देवाचा?

जुनं पदक घासायचं नसतं, हा पहिला नियम.
दोन दिवस साध्या पाण्यात ठेवलं.
तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, चिंच लावली.
पंखांची बाई निघाली. हातात पानांची माळ,
पायाशी धुराडी, एकोणीसशे,
आणि तळाला एक चौकट,
जिंकणाऱ्याच्या नावासाठी सोडलेली.
गुळगुळीत. कुणी काही कोरलंच नाही.
जिंकून टाकलं असेल नदीत? की न जिंकता?
कुणी काय मागितलं असेल गंगेकडे
एवढी जड वस्तू देऊन?

भांडीबाजारात केरू वडके अजून हातानं नावं घालतो.
बाकीच्यांकडे किरकिरणारी मशिनं आली,
याच्याकडे छिन्नी, हातोडी आणि गोणपाटाचा तुकडा.
पदक पुढे केलं तर म्हणाला, काय नाव घालू?
मी गप्प. नाव घातलं तर किंमत अर्धी होते, हे एक.
आणि कुणाचं घालणार, हे दुसरं.

त्यानं चष्मा काढला. भिंग मागितलं नाही.
अंगठा फिरवत गेला काठाकाठानं,
बाईच्या टाचेपाशी थांबला.
हे काय, घातलंय की.
मी भिंग लावलं. टाचेखाली, तिळाहून लहान,
सहा-सात परकी अक्षरं.
ठसा कापणाऱ्यानं आपलं नाव
पायाखाली दडवून ठेवलेलं.

तुम्हाला कसं कळलं?
आम्ही पण ठेवतो, म्हणाला.
गिऱ्हाईक आपलं नाव वाचतं, पुढचं कोण बघतं.
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मलाच पाजायला लावला.

घरी येऊन फडताळ उपसलं.
'चि. सौ. कां. कुमुदिनी हिस मामांकडून, १९७६.'
आणि सहाच्या पुढे एक ठिपका.
तांब्यावर ठिपका. परातीवर.
आईच्या नावाच्या पितळी डब्यावरही, थोडा खोल,
तो याच्या बापाचा असणार.

एकतीस वर्षं चुका शोधून खाल्लं मी.
रोज याच ताटात जेवले.