एक फेरा आणि पाव

इनासने स्विंडनला जाताना विकली ती मला,
साडेचार हजार रोख आणि फणसाच्या दोन फळ्या.
फळ्या अजून माझ्याच पडवीत आहेत,
विमानातून फळ्या कोण नेणार.

नारिंगी रंग मुठीवरून पार गेलेला.
तिथे हात ठेवला की माझी चार बोटं
त्याच्या झिजेत बरोबर बसतात,
अंगठा बसत नाही.

वाळपईहून नवा प्लग आणला, पेट्रोलची नळी,
आणि तो कागदासारखा काळा पडदा.
जुना वाळून पापडासारखा झाला होता.
हवेची गाळणी धुतली तर तिच्यातून
आधी आंब्याचा भुसा निघाला, मग सागाचा,
आणि अगदी तळाशी कसलातरी लाल,
ज्याबद्दल मी इनासला विचारलेलं नाही.

स्क्रू तीन. एल, एच,
आणि तिसरा वेगळा, मंद चालीचा.
पहिले दोन हलक्या हाताने आत, टेकेपर्यंत.
टेकल्यावर आवळायचं नाही, सुईचं घर बिघडतं.
मग उलटे, बाहेर.
झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने खिळ्याने कोरलंय
एक आणि पाव, पुढे एक बाण.
बाण कुठल्या स्क्रूकडे जातो
ते गंजाने खाल्लंय.

चौथ्या ओढीला लागली.
निळा धूर कुळागरात शिरला,
पोफळींच्या मधून हळूहळू, पाहुण्यासारखा.
खटका दाबला की आवंढा गिळायची आणि मरायची.
एल थोडा सोडला, नखाएवढा. मरायची थांबली.
मग नुसती ठेवली तरी साखळी सरकायला लागली,
तर तिसरा मागे घेतला, साखळी उभी राहीपर्यंत.
इथवर मला येतं.

एचचं भय वाटतं.
पुरा खटका, आणि ती किरट्या आवाजात वर वर चढत गेली,
ऐकायला छान. तेच वाईट.
तेल पोचत नसताना ती अशीच छान वाजते,
आणि मग आतला पिस्टन एकदाच करकरतो.

व्हिडिओवर इनासला लावला.
पिवळं जाकीट, मागे कँटीन, हातात कागदी कप.
मोबाईल करवतीपाशी धरून मी खटका दाबला.
"चालू कर रे शाबा."
चालूच आहे!
"म्हाका तुजी कोंबडी आयकूंक येता. यंत्र ना."

तेव्हा कळलं. मोबाईल शहाणा.
यंत्राचा आवाज म्हणजे कचरा
असं कुणीतरी त्याला शिकवलंय.
सबंध कुळागर थरथरत होतं, सुगंधा कान झाकून उभी,
आणि त्याच्याकडे फक्त एक कोंबडी
आणि तोंड उघडून ओरडणारा मी.

मग त्याने कप खाली ठेवला
आणि तोंडाने करवत वाजवली.
रंऽऽऽ, आणि त्या रंऽच्या टोकाला एक अडखळ,
ब्र-ब्र-ब्र, गुळणी केल्यासारखी.
माणसाचा आवाज, म्हणून मोबाईलने येऊ दिला.
त्याच्या मागच्या टेबलावरची बाई वळून बघत राहिली.
त्याने पुन्हा वाजवली, डोळे मिटून.

मी एच सोडत गेलो. वर ती, इकडे तो,
नखाएवढा, अजून नखाएवढा,
आणि एका जागी दोघं सारखेच अडखळले.
"थंय दवर," इनास म्हणाला. भोंगा झाला बहुतेक,
कारण निरोप न घेताच तो पडद्यावरून उठून गेला
आणि मला त्या बाईचं सँडविच दिसत राहिलं.

बांडगुळाने सुकलेला आंबा पाटावर आडवा पडला होता.
त्याला लावली. लाकडात शिरल्यावर
अडखळ आपोआप गेली, जड काम मिळालं
की तोतरं माणूस सरळ बोलतं तशी.
भुसा जाड निघाला, पायावर गरम पडला.

थंड झाल्यावर फेरे मोजले.
एक, आणि अर्ध्याला थोडा कमी.
त्याचा नव्हे. पडदा नवा, तेल दुसरं,
बाणही कदाचित भलत्याच स्क्रूचा.
खिळा शोधला. त्याच्या आकड्याखाली जागा होती.

सुगंधा म्हणाली, लिहायचं ते मागाहून लिही,
आधी ओंडका ओढ,
खालच्या पोफळींना सकाळपासून पाणी नाही.